रेडॉनपासून श्वासापर्यंत: लिदिया मोराव्स्का यांच्या कारकिर्दीविषयी

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. कोविडचा विषाणू हवेतून पसरतो हे मान्य करा, असे जागतिक आरोग्य संघटनेला सांगण्यासाठी २३९ शास्त्रज्ञांना एकत्र आणणाऱ्या लिदिया मोराव्स्का या स्त्री शास्त्रज्ञ मुळात भौतिकशास्त्रज्ञ. मग साथरोगाच्या वादात त्या आल्या कशा आणि त्याविषयी बोलण्याचा त्यांचा अधिकार कोणता, हा पहिला प्रश्न. हवेतील कणांचा अभ्यास हे भौतिकशास्त्राच्या पदवीधराने आयुष्यभर करण्याजोगे काम आहे का, हा दुसरा. मी स्वतः वीसएक वर्षे एरोसोलच्या, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या घन आणि द्रव कणांच्या मोजणीत घालवली आहेत. मोराव्स्का यांच्याशी माझा व्यक्तिगत परिचय नाही, परंतु त्यांच्या शोधनिबंधांवाचून आमच्या क्षेत्रात फारसे कोणाचे पान हलत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट दिले तर दुसऱ्याचे बरेचसे त्यातच येते, म्हणून तेच आधी सविस्तर देते.

मोराव्स्का यांचा जन्म १९५२ मध्ये पोलंडमधील तार्नुव येथे झाला. क्राकुवच्या यागिएलोनियन विद्यापीठातून त्यांनी १९८२ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि तिचा विषय होता रेडॉन व त्याच्या क्षयातून निपजणारी मूलद्रव्ये. त्यांच्याविषयीच्या लेखांत हा तपशील एका ओळीत उरकलेला असतो, पण माझ्या मते सगळ्या कारकिर्दीची किल्ली तिथेच आहे. रेडॉन हा जमिनीतल्या युरेनियमच्या क्षयसाखळीत, म्हणजे किरणोत्सर्ग करत एका मूलद्रव्याचे दुसऱ्यात रूपांतर होत जाताना, निर्माण होणारा वायू. मातीतून, भेगांतून तो घरात शिरतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आणि तो रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय, त्यामुळे श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बहुतांशी तसाच बाहेर येतो. खरा धोका त्याच्या अपत्यांचा, म्हणजे त्याच्या क्षयातून निपजणाऱ्या मूलद्रव्यांचा असतो. पोलोनियम-२१८, शिसे-२१४, बिस्मथ-२१४ आणि पोलोनियम-२१४ हे धातूंचे अणू आहेत. ते वायूसारखे मोकळे फिरत नाहीत, हवेत आधीपासून असलेल्या कणांना चिकटतात आणि त्या कणांवर स्वार होऊन फुप्फुसात जातात. कण किती मोठा, यावर तो नाकात अडकेल, श्वासनलिकेच्या फाट्यावर आदळेल की थेट वायुकोशांपर्यंत पोहोचेल, हे ठरते आणि त्यावरच किरणोत्सर्गाची मात्रा कुठे व किती पडणार हेही ठरते. म्हणजे रेडॉनपासून होणाऱ्या अपायाचे गणित मांडायला बसलेल्या माणसाला अणुकेंद्र बाजूला ठेवून धुळीकडे वळावेच लागते. ‘कण किती मोठा आहे आणि तो शरीरात कुठे जाऊन बसेल’ हा प्रश्न त्यांनी तेव्हा हाती घेतला आणि पुढे कणाची जात बदलत गेली तरी प्रश्न तोच राहिला.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या कॅनडात गेल्या, तिथे मॅकमास्टर आणि टोरोंटो या विद्यापीठांत त्यांनी संशोधन केले आणि १९९१ मध्ये त्या ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत रुजू झाल्या. तिथे त्यांनी एरोसोलची प्रयोगशाळा उभी केली. तीच पुढे हवेची गुणवत्ता आणि आरोग्य या विषयाची आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळा झाली.

ब्रिस्बेनमध्ये त्यांनी हाती घेतलेला मोठा विषय म्हणजे अतिसूक्ष्म कण, म्हणजे ०.१ मायक्रॉनहून लहान व्यासाचे कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इथे थोडे थांबायला हवे, कारण एखादी गोष्ट मोजण्याची पद्धतच कशी चुकीच्या जागी बोट ठेवू शकते हे या विषयात फार स्पष्ट दिसते. हवेच्या प्रदूषणाचे बहुतेक नियम वस्तुमानावर आधारलेले आहेत: एक घनमीटर हवेतले कण गाळणीवर पकडा, तराजूवर तोला आणि मायक्रोग्रॅममध्ये आकडा सांगा. पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या व्यासाचे कण) ही संज्ञा त्यातलीच. परंतु वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दहा मायक्रॉन व्यासाच्या एका कणाइतके वस्तुमान भरायला ०.१ मायक्रॉनचे, तितक्याच घनतेचे दहा लाख कण लागतात. गाडीच्या धुरांड्यातून निघणारे कण संख्येने बहुतांशी या लहान गटात मोडतात. तराजूवर ते जवळजवळ दिसतच नाहीत, फुप्फुसात मात्र ते खोलवर जातात. तेव्हा त्यांना तोलण्याऐवजी मोजले पाहिजे, असा आग्रह ज्या संशोधकांनी सातत्याने धरला त्यांत मोराव्स्का यांचे नाव अग्रभागी आहे.

मोजायचे कसे, तर ज्या यंत्राशेजारी आमचे आयुष्य जाते त्या संघनन कणगणकाने. यंत्रात ब्युटेनॉलची कोमट वाफ असते. हवा त्या वाफेतून थंड नळीत शिरली की वाफ प्रत्येक कणावर साचते, काही नॅनोमीटरचा कण फुगून काही मायक्रॉनचा थेंब होतो आणि लेझरच्या झोतातून जाताना त्याचा एक लखलखाट होतो. ते लखलखाट मोजायचे. सकाळी यंत्र सुरू केल्यावर पहिले काम म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडावर गाळणी लावणे. पडद्यावरचा आकडा हजारांवरून घसरत शून्यावर आला आणि तिथे टिकला, तरच त्या दिवसाच्या नोंदींवर विश्वास ठेवायचा. गाळणी काढली की आकडा पुन्हा चढतो, आणि शेजारच्या टेबलावर कोणी प्रिंटरवर पाने काढायला घेतली तर कधी कधी तो पाहता पाहता कित्येक पटींनी वर जातो.

प्रिंटरचे उदाहरण मी उगाच घेतलेले नाही. मोराव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्यालयांतले ६२ लेझर प्रिंटर तपासले होते आणि त्यांतले १७ प्रिंटर अतिसूक्ष्म कणांचे मोठे स्रोत निघाले. बाहेरच्या वाहतुकीचे कण मोजत असताना कार्यालयाच्या आतलाच आकडा जास्त येतो, हे त्यांना खटकले आणि तिथून हा अभ्यास निघाला. न जुळणारी नोंद ‘यंत्राचा दोष’ म्हणून झटकून न टाकता तिच्या मागे जाण्याची ही सवय पुढे फार मोठ्या प्रसंगी उपयोगी पडली. त्यानंतर ब्रिस्बेनमधल्या २५ प्राथमिक शाळांत वाहतुकीतून येणारे अतिसूक्ष्म कण आणि आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचे आरोग्य यांचा अभ्यासही त्यांच्या गटाने केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या हवाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत अतिसूक्ष्म कणांसाठी सक्तीची मर्यादा नाही, परंतु संख्येच्या भाषेतले निकष मात्र आले आहेत: चोवीस तासांच्या सरासरीत एका घनसेंटिमीटरला १,००० पेक्षा कमी कण म्हणजे कमी पातळी आणि १०,००० पेक्षा जास्त म्हणजे उच्च पातळी. तराजूऐवजी गणकाची भाषा अशा दस्तऐवजात येणे, हे आमच्या क्षेत्रात लहान पाऊल मानले जात नाही.

माझ्या स्वतःच्या एका चुकीचा उल्लेख इथे करते, कारण हे काम किती बारकाव्यांवर उभे असते ते त्यातून कळेल. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात मी खोलीतली हवा यंत्रापर्यंत आणायला हाताशी असलेली साधी, पारदर्शक प्लास्टिकची नळी वापरली. आकडे छान, स्थिर आणि अपेक्षेपेक्षा कमी येत होते. तीन आठवड्यांनी एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी नळीकडे नुसते बोट दाखवले. अशा नळीच्या भिंतीवर स्थिर विद्युतभार साचतो आणि भारित कण यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच तिला चिकटून बसतात. म्हणून विद्युतवाहक रबराची काळी किंवा धातूची नळी वापरायची असते, तीही शक्य तितकी आखूड आणि कमी वळणांची. तीन आठवड्यांच्या नोंदी फेकून द्याव्या लागल्या. मोराव्स्का यांच्या निबंधांत नळ्यांतील कणहानीची दुरुस्ती, पार्श्वभूमीची मोजणी, सापेक्ष आर्द्रता यांवर जी पानेच्या पाने असतात, ती रूक्ष वाटली तरी वगळून पुढे जाऊ नये असे मी विद्यार्थ्यांना सांगते, ते या अनुभवामुळेच.

आता श्वासाकडे. २००३ मध्ये सार्स या श्वसनरोगाची साथ आली. हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात ३०० हून अधिक लोकांना लागण झाली आणि एकमेकांच्या जवळही न आलेल्या माणसांत ती कशी पसरली, याचे उत्तर शोधताना हवेचे प्रवाह चर्चेत आले. त्याच सुमारास मोराव्स्का यांचे लक्ष श्वसनमार्गातून बाहेर पडणाऱ्या थेंबांकडे वळले. खोलीतल्या हवेत या थेंबांचे पुढे काय होते, याचा आढावा घेणारा त्यांचा निबंध २००६ मध्ये आला. आणि २००९ मध्ये, म्हणजे कोविडच्या दहा वर्षे आधी, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते थेंब प्रत्यक्ष मोजून दाखवले.

तो प्रयोग कल्पनेत नीट उभा करून पाहण्यासारखा आहे. अडचण अशी, की साध्या खोलीतल्या हवेत दर घनसेंटिमीटरला हजारो कण असतात आणि माणसाच्या उच्छ्वासात त्या मानाने अगदीच थोडे. बाजारातल्या गलबल्यात कुजबुज ऐकू यावी तशी ही मोजणी. म्हणून त्यांनी एक लहान पवनबोगदा वापरला. त्यात गाळलेली, कणरहित हवा सोडायची, स्वयंसेवकाने डोके आत घालून बसायचे, आधीची शिल्लक वाहून जाऊन गणकावरचा आकडा शून्याजवळ स्थिरावेपर्यंत थांबायचे आणि मगच श्वास घ्यायचा, कुजबुजत आकडे मोजायचे, मोठ्याने मोजायचे, ‘आऽऽ’ असा स्वर लांबवायचा किंवा खोकायचे. आता जे कण दिसतील ते त्या माणसाचेच. निष्कर्ष असा निघाला, की बाहेर पडणारे थेंब संख्येने बहुतांशी एक मायक्रॉनहूनही लहान असतात आणि नुसत्या श्वासापेक्षा कंठातून आवाज काढताना ते अधिक निघतात. लहान थेंब फुप्फुसाच्या बारीक नलिकांमध्ये, मधले स्वरयंत्रापाशी आणि मोठे तोंडात, असे थेंबांच्या उगमाचे चित्रही त्यांच्या गटाने पुढे मांडले. खोकला-शिंक यांवरच नजर ठेवून बसलेल्या वैद्यकीय विचाराला हे सहज पचणारे नव्हते: निरोगी दिसणारा, न खोकणारा, फक्त बोलणारा किंवा गाणारा माणूसही हवेत कण सोडत असतो.

हे थेंब किती वेळ हवेत राहतात याचे गणित पदवीच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थीही करू शकेल. लहान कणांच्या पडण्याचा वेग देणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने, स्थिर हवेत आणि बाष्पीभवन बाजूला ठेवून, पाण्याचा १०० मायक्रॉनचा थेंब दीड मीटर उंचीवरून साधारण पाच सेकंदांत जमिनीवर येतो. पाच मायक्रॉनच्या थेंबाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. एक मायक्रॉनच्या थेंबाला सुमारे बारा तास. आणि खोलीतली हवा स्थिर कधीच नसते. माणसाच्या शरीराच्या उष्णतेनेसुद्धा वर जाणारा प्रवाह तयार होतो आणि त्यापुढे या थेंबांच्या पडण्याच्या वेगाला काही किंमत उरत नाही. असे असताना वैद्यकातील पाठ्यपुस्तके पाच मायक्रॉनची रेघ ओढत आली होती: त्याहून मोठे थेंब एक-दोन मीटरमध्ये खाली पडतात, लहान तेवढे तरंगतात. वरचे गणित करून पाहिलेल्या कोणालाही ही रेघ चुकीच्या जागी आहे हे लगेच कळते. अमेरिकेतील विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये ही सीमा १०० मायक्रॉनच्या आसपास दाखवली होती. एरोसोलच्या अभ्यासक लिन्सी मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडे जुने निबंध चाळून दाखवून दिले, की क्षयरोगाच्या संदर्भातली, फुप्फुसात खोलवर पोहोचू शकणाऱ्या कणांची पाच मायक्रॉनची मर्यादा आणि हवेत तरंगू शकणाऱ्या कणांची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टींची कुठेतरी गल्लत झाली आणि ती पिढ्यान्पिढ्या उतरत आली. (वेल्स यांच्या कामात त्यांच्या पत्नी, डॉक्टर मिल्ड्रेड वेल्स यांचा मोठा वाटा होता, उल्लेख मात्र बहुधा एकट्या विल्यम यांचा होतो. तुमच्या प्रश्नात ‘स्त्री शास्त्रज्ञ’ हा शब्द आला आहे म्हणून हे आवर्जून सांगते.)

या पार्श्वभूमीवर २०२० चे वर्ष पाहावे. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘कोविड हवेतून पसरत नाही’ असे समाजमाध्यमावर ठामपणे जाहीर केले. मोराव्स्का यांनी ३६ तज्ज्ञांचा गट जमवला. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांची संघटनेच्या तज्ज्ञांशी दूरस्थ बैठक झाली, पण भूमिका बदलली नाही. त्याच महिन्यात जुन्जी त्साओ यांच्यासह त्यांनी हवेतून होणाऱ्या संसर्गाचे वास्तव जगाने स्वीकारावे, असा निबंध प्रसिद्ध केला. जुलैमध्ये डोनाल्ड मिल्टन यांच्यासह लिहिलेले आणि २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिलेले ते प्रसिद्ध पत्र आले. ९ जुलै रोजी संघटनेने बंदिस्त, गर्दीच्या आणि अपुऱ्या वायुवीजनाच्या जागी हवेतून संसर्गाची शक्यता नाकारता येत नाही, इतके मान्य केले; अधिक स्पष्ट शब्द यायला एप्रिल २०२१ उजाडला.

यात एका बाजूला शहाणे आणि दुसऱ्या बाजूला मूर्ख, असे चित्र रंगवणे मला मान्य नाही. संसर्गनियंत्रणाच्या परिभाषेत ‘हवेतून पसरणारा’ हे विशेषण गोवर, क्षय अशा मोजक्या रोगांसाठी राखून ठेवलेले होते आणि ते लावले की रुग्णालयांतल्या खोल्यांपासून मास्कपर्यंत सगळ्या नियमांची साखळी ओढली जाते. मास्कचा तुटवडा असताना ते विशेषण वापरण्याची धास्ती समजण्यासारखी होती. भौतिकशास्त्रज्ञाला मात्र ‘हवेतून’ या शब्दाचा एकच अर्थ माहीत असतो: कण हवेत तरंगतो आहे की नाही. वाद निम्मा पुराव्याचा आणि निम्मा शब्दाचा होता. तरीही पुराव्याच्या बाजूने पाहता झालेल्या विलंबाचे समर्थन करता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट व्हॅली येथे १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाच्या अडीच तासांच्या तालमीला ६१ जण आले होते. त्यांपैकी ५३ जणांना आजार झाला किंवा झाल्याचे मानले गेले आणि दोघे दगावले. एका माणसाने इतक्यांच्या तोंडावर थेंब उडवणे शक्य नाही. खोलीतली सामाईक हवा हेच त्याचे सरळ स्पष्टीकरण आहे आणि या घटनेच्या सविस्तर विश्लेषणात मोराव्स्का सहलेखिका आहेत. कंठातून आवाज काढताना कण अधिक निघतात, हे ज्यांनी अकरा वर्षे आधी मोजलेले होते, त्यांना यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: त्या साथरोगाच्या वादात आल्या नाहीत, वाद त्यांच्या विषयात येऊन पोहोचला. विषाणू माणसाच्या पेशीत शिरून काय करतो, हे सांगण्याचा दावा त्यांनी केला नाही. तो ज्या कणावर बसून एका माणसातून दुसऱ्यात जातो, त्या कणाविषयी त्या बोलत होत्या.

त्यानंतरच्या त्यांच्या कामाचा रोख इमारतींच्या आतल्या हवेकडे आहे. पिण्याच्या पाण्याची शुद्धता आपण गृहीत धरतो तशी आतल्या हवेचीही धरता आली पाहिजे, असा आग्रह त्यांनी अनेक सहलेखकांसह ‘सायन्स’ नियतकालिकात २०२१ मध्ये मांडला आणि २०२४ मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी आकडेही सुचवले: पीएम २.५ तासाभराच्या सरासरीत घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम, कार्बन डायऑक्साइड ८०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भाग), वायुवीजन दर माणशी सेकंदाला १४ लिटर. हे आकडे आजच्या बहुतेक इमारतींना जड जाणारे आहेत आणि त्यांच्या खर्चाविषयी प्रामाणिक मतभेद आहेत. सन्मानांबद्दल थोडक्यात: २०२१ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाच्या शंभर प्रभावी व्यक्तींच्या यादीत त्यांचे नाव होते आणि २०२३ मध्ये त्यांना स्त्री शास्त्रज्ञांसाठीचा लॉरिआल-युनेस्को पुरस्कार मिळाला. प्रसिद्धी आली तेव्हा त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या, हेही लक्षात घ्या.

दुसरा प्रश्न, तुमच्या स्वतःच्या वाटेचा. होय, हे भौतिकशास्त्राचेच काम आहे. तरल पदार्थांची गती, ब्राउनियन गती, प्रकाशाचे विकिरण, बाष्पीभवन आणि संघनन, स्थिर विद्युत हे सगळे इथे रोज लागते आणि एरवी पाठ्यपुस्तकात मरगळून पडलेली प्रकरणे अचानक कामाची होतात. नोकरीची क्षेत्रेही वाटतात त्यापेक्षा विस्तृत आहेत: हवामान आणि ढगांचे संशोधन, प्रदूषण नियंत्रण, श्वासावाटे घ्यायची औषधे, सेमीकंडक्टर उद्योगातील स्वच्छ कक्ष, अणुऊर्जा प्रकल्पांतील सुरक्षा. परंतु मोराव्स्का यांच्यासारखी कारकीर्द ‘आखता’ येईल का, याचे उत्तर मी नाही असे देईन. रेडॉनवर प्रबंध लिहिताना त्यांनी साथीचा विचार केलेला असणे शक्य नाही. आखता येते ते एवढेच, की एखादा प्रश्न निवडायचा जो उपकरण, देश आणि कणाची जात बदलली तरी तग धरेल.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निबंधांची संख्या पाहण्याआधी प्रयोगशाळेत एक फेरी मारा. यंत्रांची देखभाल कोण करते, कॅलिब्रेशन (यंत्राच्या आकड्यांची प्रमाणाशी जुळवणी) शेवटचे केव्हा झाले, शून्याची तपासणी रोज होते का, हे विचारा. विद्यार्थ्यांना यंत्र उघडू देतात की नुसत्या फायली हाताळू देतात, तेही पाहा. डॉक्टर, वायुवीजन अभियंते आणि संख्याशास्त्रज्ञ यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलण्याचा सराव पहिल्या वर्षापासूनच करा, कारण तोच शब्द दोन शाखांत दोन अर्थांनी वापरला गेला की काय होते ते वर आलेच आहे. वाचनाची सुरुवात २००९ च्या थेंबांवरील निबंधापासून करावी, असे मी सुचवेन, आणि त्यातही निष्कर्ष शेवटी वाचावेत. आधी पवनबोगद्याचे वर्णन वाचून त्याची आकृती स्वतःच्या हाताने काढा, हवा कुठून आत येते, कुठे गाळली जाते आणि नमुना कुठून उचलला जातो हे खुणांनी दाखवा, आणि प्रत्येक टप्प्यावर किती कण वाटेत हरवत असतील याचा अंदाज कागदावर करून पाहा.